‘तुमचा समाज कोणता?’ : एका साध्या प्रश्नाचा विद्यापीठात अभ्यास कसा होतो

जून लागला की आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर ओळ लागते. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाईल, तिच्यात टीसी, मार्कशीट, रहिवासी दाखला, जातीचा दाखला. हल्ली फॉर्म ऑनलाइन असतो, पण तो भरायला मुलं शिक्षकांनाच गाठतात. असाच एकदा यावलकडच्या एका मुलीचा फॉर्म भरत होते. धर्म : मुस्लिम. प्रवर्ग : अनुसूचित जमाती. जमात : तडवी भिल्ल. शेजारी उभा असलेला मुलगा चटकन म्हणाला, “हे दोन्ही एकत्र कसं असेल?” ती काही बोलली नाही. हा प्रश्न तिनं आयुष्यात कितीदा ऐकला असेल कोण जाणे. पुढचा रकाना आला, मातृभाषा. तिथं ती थांबली. “मॅडम, काय लिहू?” मी म्हटलं, “घरी जे बोलता ते.” ती म्हणाली, “ते यादीत नाहीये.”

घरी ती तडवी बोली बोलते. नातेवाइकांत काहीजण उर्दू लिहितात, शाळेनं मराठी लिहून टाकलं होतं. फॉर्ममधला प्रत्येक रकाना वेगवेगळा घेतला तर बरोबरच होता. पण सगळे रकाने एकत्र वाचल्यावर ती मुलगी कोण हे कळत नव्हतं.

मुलाच्या शंकेचं उत्तर आधी देते, कारण ती अनेकांना असते. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत १९५० च्या आदेशानं ती घातली. आधी फक्त हिंदू, मग १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा समावेश झाला. जमातींच्या यादीत अशी अट कधीच नव्हती. रावेर, यावल, चोपडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतले तडवी पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम आहेत आणि भिल्लही आहेत. यात विसंगती काहीच नाही. विसंगती दिसते, कारण धर्म, जमात आणि भाषा हे तीन वेगळे डबे आहेत आणि माणूस त्यातल्या एकाच डब्यात बसला पाहिजे, असं आपण शिकलेलो असतो.

या मुलीची ओळख समजून घ्यायची तर कोणता विषय शिकावा? समाजशास्त्र म्हणाल तर भाषा सुटते. भाषाशास्त्र म्हणाल तर कायदा सुटतो. कायदा म्हणाल तर इतिहास सुटतो. जगातल्या काही विद्यापीठांनी म्हणूनच या प्रश्नासाठी अनेक विषय एकत्र आणणारे अभ्यासक्रम उभे केले. ते काय शिकवतात, हे मी इथे खानदेशाच्या उदाहरणांनी सांगणार आहे. खानदेशासारखी यासाठी सोयीची जागा दुसरी क्वचितच असेल.

शब्दापासूनच अडचण

या अभ्यासाचा विषय ‘एथनिसिटी’. मराठीत त्यासाठी ‘वांशिकता’ हा शब्द रुळला आहे. वर्तमानपत्रात ‘वांशिक संघर्ष’ वाचायला मिळतो. मला हा शब्द अडचणीचा वाटतो. ‘वंश’ म्हटलं की रक्त, पिढ्या, चेहरेपट्टी डोळ्यापुढे येते, आणि या अभ्यासाचा पहिलाच धडा असा आहे की ओळख रक्तात नसते.

आपल्याकडे यापेक्षा जवळचा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे : समाज. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव. वळवी, पाडवी, वसावे म्हटलं की त्याला हवं ते कळतं. पण पाटील म्हटलं तर काहीच कळत नाही. खानदेशात मराठा पाटील असतात, लेवा पाटील असतात, गुजर आणि राजपूतही पाटील असतात. मग तो जरा थांबून विचारतो, “कोणत्या समाजाचे तुम्ही?” या एका प्रश्नात त्याला बरंच काही जाणून घ्यायचं असतं : तुमच्याकडे लग्नं कुठे होतात, घरात काय बोलता, देव कोणता, पूर्वज कुठून आले, आणि आमचं तुमचं जमतं का.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचं यावरचं विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपण एकाच मुळाचे आहोत असं ज्या लोकांना मनापासून वाटतं, तो असा समूह. खरोखर रक्ताचं नातं आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. वाटणं महत्त्वाचं, कारण त्या वाटण्यावर माणसं लग्नं करतात, मतं देतात, एकमेकांच्या मदतीला धावतात आणि भांडतातही.

दुसरा मोठा टप्पा १९६९ चा. फ्रेडरिक बार्थ या नॉर्वेच्या मानवशास्त्रज्ञानं पठाणांमध्ये राहून अभ्यास केला होता. तोवर अभ्यासक प्रत्येक समूहाच्या चालीरीतींची यादी करत : पोशाख हा, अन्न हे, देव हा. बार्थ म्हणाले, यादी करू नका, दोन समूहांच्या मधली सीमा बघा. चालीरीती बदलतात, माणसं एका समूहातून दुसऱ्यात जातात, तरी सीमा टिकते. ती कशी टिकते ते शोधा.

वर्गात मी हे शेताच्या बांधावरून सांगते. बांधाच्या दोन्ही बाजूंना यंदा कपाशी, पुढच्या वर्षी एकीकडे केळी, दुसरीकडे मका. पीक बदललं म्हणून बांध हलत नाही. दोन्हीकडे एकच पीक आलं तरी बांध असतोच. संस्कृती म्हणजे पीक, समूहाची ओळख म्हणजे बांध. धुळे जिल्ह्याच्या सपाटीवरच्या कितीतरी भिल्ल घरांत अहिराणी बोलली जाते, तीच अहिराणी जी शेजारचे मराठा, माळी बोलतात. भाषा एक झाली, बांध तिथेच राहिला. उलट सातपुड्यात महाराष्ट्राच्या बाजूला जे पावरा म्हणवतात, त्यांचेच सोयरे मध्य प्रदेशात बारेला म्हणवतात. इथे माणसं एक, नावं दोन.

आणि बांध आपोआप उगवत नाही. तो कुणीतरी घातलेला असतो, आणि नांगरताना कुणीतरी तो थोडाथोडा कोरत असतो. हा अभ्यास बांधाच्या मागे लागतो.

रामनं घर, रामचं घर

भाषेपाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण खानदेशातल्या माणसाला हे उदाहरण तोंडपाठ असतं, फक्त त्याकडे अभ्यास म्हणून पाहिलेलं नसतं.

मराठीत ‘रामचं घर’. अहिराणीत ‘रामनं घर’. गुजरातीत ‘रामनुं घर’. मराठीत ‘आहे’, अहिराणीत ‘शे’, गुजरातीत ‘छे’. आता ‘मला’ घ्या. अहिराणीत ‘माले’, आणि वऱ्हाडात ‘मले’. म्हणजे एक पाय गुजरातीकडे, दुसरा वऱ्हाडीकडे, शब्दसंग्रह बराचसा मराठीचा. मग अहिराणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा?

इंग्रजी अमलातले अधिकारी आणि भाषांचे अभ्यासक जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात खानदेशी ही मराठीच्या खंडात ठेवली नाही, भिल्ली भाषांसोबत ठेवली. आजही जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी मोजली जाते आणि अहिराणी तिच्या खाली येते. २०११ मध्ये खानदेशी सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते. भिल्ली गटाचा आकडा १ कोटी ४ लाखांच्या घरात आहे, आणि त्या एका नावाखाली पावरी, बारेली, वागडी अशा कितीतरी बोली गोळा केलेल्या आहेत. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यांत यातली एकही नाही.

हे आकडे फक्त भाषेचे नाहीत. जनगणनेचा प्रगणक दारात आला की घरातला शिकलेला मुलगा ‘मराठी’ सांगतो आणि आतून आजी अहिराणीत विचारते, कोण आलंय. मुलगा खोटं बोलत नाही. शाळेत ‘शुद्ध बोल’ म्हणून त्याला इतकं टोकलेलं असतं की घरची भाषा ही भाषा असते, हेच तो विसरलेला असतो. भाषाशास्त्रज्ञ दोन बोलींमधलं अंतर मोजून देईल. मुलानं ‘मराठी’ का सांगितलं, हे त्याला शिक्षणाच्या समाजशास्त्राकडून घ्यावं लागेल.

बहिणाबाईंचं उदाहरण याहून नाजूक आहे. १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपात आली. जळगावचं विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं आणि २०१८ मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं. बाहेरचे लोक सरसकट म्हणतात, बहिणाबाईंनी अहिराणीत लिहिलं. लेवा समाजातली माणसं लगेच दुरुस्त करतात : ती आमची लेवा गणबोली. भाषांची तुलना करणाऱ्याला दोन्हींमध्ये साम्य दिसेल, फरकही दिसेल. पण ‘आमची’ हा शब्द त्याच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. त्यासाठी साहित्याचा अभ्यासक लागतो, आणि त्या समाजातली माणसंही लागतात.

कागदावरचा बांध

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. डोंगरातले घाट आणि त्यांवरून जाणारे व्यापाराचे रस्ते भिल्ल नाईकांच्या ताब्यात होते. लढून जमेना तेव्हा इंग्रजांनी दुसरा मार्ग धरला : १८२५ मध्ये जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभी केली आणि भिल्लांना सपाटीवर शेतीला लावण्यासाठी एजन्सी उघडल्या. याच काळातल्या सरकारी कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू, असा सूर सतत ऐकू येतो. गावाची राखण करणारा जागल्या अनेक गावांत भिल्लच असे, हे त्या सुरात दबून जातं.

खाज्या नाईक यांची गोष्ट म्हणूनच वर्गात सांगावी अशी आहे. सेंधव्याच्या घाटाची राखण करायला ते सरकारी नोकरीत होते. १८५७ मध्ये तेच उठले. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. कालचा रखवालदार सरकारी दप्तरात आज दरोडेखोर झाला. माणूस तोच, लिहिणाऱ्याचा शब्द बदलला. हे पुढे कायद्यातच उतरलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं संपूर्ण समूहच्या समूह जन्मानं गुन्हेगार ठरवले. पारध्यांसारख्या समाजांनी ते ओझं वाहिलं. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

इतिहासाचा विद्यार्थी दप्तर वाचायला शिकतो. या अभ्यासात त्याला आणखी एक गोष्ट शिकावी लागते : दप्तरात ज्याचा आवाज नाही, त्याचा आवाज शोधणं. पावरा समाजात आपले पूर्वज पावागडाहून आले, असं सांगितलं जातं. गुजरातेतून इकडे आल्याच्या आठवणी लेवा आणि गुजर समाजांतही आहेत. निव्वळ इतिहासकार विचारेल, पुरावा काय? लोकसाहित्याचा अभ्यासक विचारेल, ही गोष्ट कोण कुणाला कधी सांगतं? लग्नात, की भांडणात, की मुलांना झोपवताना? मला दोन्ही प्रश्न महत्त्वाचे वाटतात, आणि ते दोन वेगळ्या इमारतींत दोन वेगळ्या माणसांनी विचारले की उत्तरं कधीच एकमेकांना भेटत नाहीत.

समूह स्वतःला नव्यानं घडवतात, तेही इथे दिसतं. १९३७-३८ मध्ये तळोदा भागात गुलाम महाराजांची आप धर्माची चळवळ उभी राहिली. भिल्ल माणसाला कुणीही एकेरीत हाक मारायचं, अशा काळात एकमेकांना ‘आप’ म्हणायचं. दारू सोडायची. हजारो लोक आरतीला जमत. धर्माचा अभ्यासक याला पंथ म्हणेल, राज्यशास्त्राचा अभ्यासक चळवळ म्हणेल, भाषेचा अभ्यासक तर फक्त त्या एका सर्वनामावर शोधनिबंध लिहील. तिघंही बरोबर आहेत, आणि तिघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे.

यादीतली आठवी नोंद

संविधानाच्या ३४२ व्या कलमाखाली राष्ट्रपती प्रत्येक राज्यासाठी अनुसूचित जमातींची यादी जाहीर करतात. महाराष्ट्राच्या यादीत आठव्या क्रमांकावर भिल्ल आहे, पण त्या एका नोंदीत १३ नावं आहेत : भिल्ल, भिल्ल गरासिया, ढोली भिल्ल, डुंगरी भिल्ल, डुंगरी गरासिया, मेवासी भिल्ल, रावल भिल्ल, तडवी भिल्ल, भागलिया, भिलाला, पावरा, वसावा, वसावे. धडगावच्या पावऱ्याला विचारा तू भिल्ल का, तो नाही म्हणेल. कायद्याच्या लेखी दोघं एकाच ओळीत आहेत.

बंजारा समाज पाहा. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. गोर बोली तीच, लग्नातली गाणी तीच. राज्याची हद्द ओलांडली की सरकारी ओळख बदलते, कारण याद्या राज्यवार झाल्या.

मग दाखला खरा की खोटा, हे ठरवायचं कसं? १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची रीत घालून दिली. तिच्यात दक्षता पथकानं घरी जाऊन चौकशी करायची आणि त्या जमातीचे देव, विधी, लग्नाच्या व अंत्यसंस्काराच्या पद्धती अर्जदाराला माहीत आहेत का, तेही पाहायचं. चालीरीतींच्या या तपासणीला आपल्याकडे आप्तभाव चाचणी म्हणतात. मनात आणून पाहा : आईवडील नोकरीनिमित्त नाशिकला, मूल इंग्रजी शाळेत, आणि समोरचा अधिकारी विचारतोय, तुमच्यात मयताला काय करतात? उत्तर चुकलं तर शिक्षण अडकलं. दुसरीकडे, खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा जातात, हे दुखणंही तितकंच खरं आहे. नंदुरबारच्या कुठल्याही पाड्यावर बसून त्याबद्दल ऐकून घ्या.

२०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं की ही चाचणी म्हणजे शेवटची कसोटी नव्हे, आणि ती प्रत्येक प्रकरणात अनिवार्यही नाही. हा निकाल वाचताना मला बार्थ आठवले. चालीरीतींची यादी करून माणूस ओळखता येत नाही, हे १९६९ मध्ये मानवशास्त्रानं सांगितलं होतं. कायद्याला तिथं पोचायला वेळ लागला, आणि त्या काळात अनेकांची उमेदीची वर्षं फायलीत गेली. मानवशास्त्र शिकलेले वकील आणि कायदा शिकलेले मानवशास्त्रज्ञ आपल्याकडे पुरेसे असते तर? हा माझा प्रश्न आहे आणि मी तो मनापासून विचारते.

जीवशास्त्राबद्दल फार लिहीत नाही. माणसांतल्या आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात, हे १९७२ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोन्टिन यांनी दाखवलं. इरावती कर्वे १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये कवट्या मोजत होत्या. त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. बाईंनी मोजमापं प्रामाणिकपणे मांडली आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष गुरूसमोर ठेवला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी शरीरमापन, नातेसंबंध, महाभारत आणि उत्खनन हे सगळं एकाच आयुष्यात केलं. आंतरविद्याशाखीय हा जड शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

हा अभ्यासक्रम आला कुठून

त्याचा जन्म संपातून झाला. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असे जवळजवळ पाच महिने अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजचे विद्यार्थी संपावर होते. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई आणि मूलनिवासी घरांतली मुलं एकत्र आली होती. त्यांचं म्हणणं असं की आमच्या लोकांचा इतिहास इथे शिकवला जात नाही, आणि जिथे शिकवला जातो तिथे तो आमच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेला असतो. संपाच्या शेवटी तिथे एथनिक स्टडीजचं स्वतंत्र कॉलेज मान्य झालं. बर्कलीतही १९६९ मध्येच असा विभाग सुरू झाला. नंतर हा विषय पुष्कळ विद्यापीठांत पोचला.

अभ्यासक्रमाची घडण साधारण अशी असते. सुरुवातीला सगळ्यांना मिळून मूळ संकल्पना. मग पद्धती : मुलाखत कशी घ्यायची, दप्तर कसं वाचायचं, आकडेवारी कशी तपासायची. एक भाषा शिकणं. त्यानंतर दोन-तीन विभागांतून निवडलेले विषय, म्हणजे इतिहासातून एक, कायद्यातून एक, साहित्यातून एक. शेवटी स्वतःचा प्रबंध, आणि त्याला मार्गदर्शक शक्यतो दोन वेगळ्या विभागांचे.

यात एक फसगत होऊ शकते. चार विभागांचे चार पेपर दिले म्हणजे अभ्यास आंतरविद्याशाखीय झाला, असं नाही. तो फार तर बहुविद्याशाखीय झाला. खरी गाठ एका प्रश्नापाशी पडते.

असा एक प्रश्न घ्या : धुळे-नंदुरबारच्या सपाटीवरच्या गावांत भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, गावाच्या टोकाला का असते?

भूगोलाचा विद्यार्थी नकाशा काढेल. भिलाटी, पाण्याची जागा, चांगली काळी जमीन, स्मशान, रस्ता. नकाशा पुष्कळ सांगतो, पण कारण सांगत नाही. इतिहासाकडे गेलो तर एकोणिसाव्या शतकात डोंगरातून उतरवून शेतीला लावलेल्या कुटुंबांपर्यंत पोचतो. पण मग त्यांची शेती कुठे गेली? इथे अर्थशास्त्र येतं : तगाई (शेतीसाठीचं सरकारी कर्ज), सावकार, गहाण, आणि शेवटी स्वतःच्याच जमिनीवर सालदार. सालदारी म्हणजे वर्षाचा करार, थोडी रक्कम, थोडं धान्य, आणि वर्ष संपताना बहुधा उरलेली उचल. मालकाला माणूस हाकेच्या अंतरावर हवा, पण घराच्या अंगणात नको. टोकाची जागा इथे अर्थपूर्ण वाटू लागते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी जमिनी परत मिळवण्यासाठी आंदोलन उभं केलं. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा. म्हणजे राज्यशास्त्र आणि कायदा आला. आणि भिलाटीतल्या बायका ओव्यांत, गाण्यांत या जागेबद्दल काय म्हणतात, ते ऐकल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. कारण बाहेरच्याला जे टोक दिसतं, ते तिथे राहणाऱ्याला मध्य वाटत असू शकतं.

यातला एकही विषय काढला तर उत्तर लंगडं होतं. फक्त अर्थशास्त्र ठेवलं तर गरीब मराठा सालदाराचं घर गावात आणि भिल्ल सालदाराचं टोकाला का, हे सुटत नाही. फक्त संस्कृती ठेवली तर ‘त्यांना वेगळंच राहायला आवडतं’ असं सोयीचं उत्तर मिळतं. ते मी स्वतः चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं.

आपल्याकडे शिकायचं तर

एथनिक स्टडीज या नावाची पाटी आपल्याकडे सहसा दिसणार नाही. आदिवासी अभ्यास, दलित अभ्यास, मानवशास्त्र, लोकसाहित्य, भाषाविज्ञान अशा नावांनी वाटा आहेत. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अमरकंटकचं इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठ, गुजरातेत छोटा उदेपूरजवळ तेजगढची आदिवासी अकादमी ही नावं शोधून पाहावीत. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत या विषयाचं काम १९६२ पासून साठत आलंय. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा गौण विषय घेता येतो. इतिहासाच्या मुलानं समाजशास्त्र घ्यावं, मराठीच्या मुलीनं भाषाविज्ञान. ज्याला घरी मावची, पावरी किंवा अहिराणी येते, त्याच्याकडे असं भांडवल आहे जे परदेशातल्या विद्यार्थ्याला दोन वर्षं घालवून मिळवावं लागतं.

पालक विचारतात, नोकरी काय? आश्रमशाळांना मुलांची भाषा कळणारे शिक्षक हवेत. वनहक्क कायदा २००६ चा असला तरी गावाचे दावे मांडणारी माणसं आजही कमी पडतात. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात आली. पुनर्वसनाच्या कागदांत कुटुंब म्हणजे कोण, मोठा मुलगा वेगळं घर धरायचा की नाही, असले प्रश्न नातेसंबंध शिकलेल्या माणसानंच सोडवायचे असतात. नंदुरबार जिल्ह्यात दर दहा माणसांत जवळजवळ सात अनुसूचित जमातीची आहेत. तिथे न्यायालय, दवाखाना, पोलीस ठाणं, बँक, सगळीकडे हे शिक्षण लागतं.

एक गोष्ट मात्र प्रवेशाच्या पहिल्या दिवशी सांगायला हवी. गाणी रेकॉर्ड करून नेणारे, फोटो काढून नेणारे डोंगरात खूप येऊन गेले. परत किती आले? ज्याच्याकडून घेतलं त्याला काय केलं ते दाखवायचं, त्याला समजेल अशा भाषेत. त्यानं ‘हे लिहू नका’ म्हटलं तर लिहायचं नाही. भोंगऱ्याच्या बाजाराचं काय झालं, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. होळीआधीच्या आठवड्यातले हे बाजार होळीच्या खरेदीचे, गाठीभेटीचे, ढोलांचे. बाहेरच्यांनी येऊन लिहिलं की इथे मुलंमुली पळून जाऊन लग्नं करतात, आणि तेच वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. समाजातल्या शिकलेल्या तरुणांनी त्याला उघड हरकत घेतली आहे. अभ्यास करणाऱ्यानं ती हरकत संदर्भांच्या यादीत सगळ्यात वर ठेवावी, असं मला वाटतं.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी पहिला अभ्यास याच बाजारातला देते. होळीच्या आधीचा बाजार धरायचा. कॅमेरा न्यायचा नाही. मिरची, गूळ, फुटाणे, चांदीचे दागिने, कशाचंही एक दुकान निवडायचं आणि दुकानदाराला सांगून तासभर शेजारी बसायचं. गिऱ्हाईक आलं की बोलणं कोणत्या भाषेत सुरू झालं, भाव कोणत्या भाषेत पाडला आणि निरोप कोणत्या भाषेत घेतला, एवढंच वहीत लिहायचं. मागच्या खेपेला यावलची ती मुलगीही गेली होती. तिच्या वहीत एका तासात पाच बोली होत्या. सगळ्यांच्या वर तिनं स्वतःची लिहिली होती : तडवी.